कॅमेऱ्याचे वय आणि फोटोचे वय

माजलगावात माझे विजेच्या मोटारी भरण्याचे दुकान आहे. ऊस, विहिरी आणि धरणाचे पाणी असलेल्या तालुक्यात जळालेल्या मोटारींना तोटा नाही, त्यामुळे पोट त्याच्यावरच चालते. मागच्या खोलीत मात्र गेल्या सव्वीस वर्षांत गोळा केलेले एकेचाळीस जुने कॅमेरे आहेत आणि त्यांतले तीसेक जर्मनीत बनलेले आहेत. बंद पडलेले फोटो स्टुडिओ, भंगारची दुकाने, वाटण्या झालेल्या वाड्यांचे माळे अशा ठिकाणांहून ते आले. मी इतिहासाचा पदवीधर नाही. जर्मन भाषाही शब्दकोश हाताशी घेऊन कॅमेऱ्यावरच्या अक्षरांपुरतीच शिकलो. तरी या यंत्रांची वये ठरवता ठरवता पुरावा म्हणजे काय, याचे थोडे शिक्षण झाले. त्या शिक्षणात मी एक मोठी चूक केली. प्रस्तुत लेख त्या चुकीविषयी आहे. पण ती समजण्यासाठी आधी या यंत्रांची कुळकथा सांगायला हवी.

जर्मन कॅमेऱ्यांची कुळकथा

आपल्याकडे जुना, जड, चामडे मढवलेला कोणताही कॅमेरा ‘जर्मनीचा’ म्हणून दाखवला जातो. बरेचदा ते खरेही असते. फोक्टलेंडर हे घराणे १७५६ साली व्हिएन्नात सुरू झाले आणि १८४९ साली जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे गेले. ड्रेस्डेन शहरात एर्नेमान, इका असे मोठे कारखाने होते. १९२६ साली हे दोन कारखाने, श्टुटगार्टचा कोन्टेसा-नेटेल आणि बर्लिनचा गोर्त्स एकत्र येऊन ‘झाइस इकॉन’ कंपनी झाली. त्याच्या आदल्याच वर्षी, १९२५ च्या लाइपझिग जत्रेत, वेट्झलारच्या लाइट्स कारखान्याने ऑस्कर बार्नाक यांनी घडवलेला ‘लायका’ लोकांपुढे ठेवला. सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म आडवी चालवून खिशात मावणारा कॅमेरा करण्याची ती युक्ती होती. १९२९ साली ब्राउनश्वाइगच्या फ्रांके उंड हायडेके यांनी दोन भिंगांचा ‘रोलायफ्लेक्स’ काढला आणि १९३३ साली त्याचा स्वस्त भाऊ ‘रोलायकॉर्ड’. वरचे भिंग पाहण्यासाठी, खालचे फोटो घेण्यासाठी. कॅमेरा पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरून पाहायचे. आमच्या पिढीने लग्नातला फोटोवाला नेहमी मान खाली घातलेलाच पाहिला, त्याचे कारण हे.

मराठी मुलखाचा या जर्मन तंत्राशी संबंध दुकानापुरता नव्हता. प्रभात फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट रंगीत व्हावा म्हणून व्ही. शांताराम १९३३ साली त्याची निगेटिव्ह जर्मनीला घेऊन गेले. रंग मनासारखे उतरले नाहीत, पण प्रयत्न झाला. १९३४ साली मालाडला बॉम्बे टॉकीज उभी राहिली, तेव्हा म्युनिकहून आलेले योझेफ विर्शिंग तिथले छायालेखक झाले. ‘अछूत कन्या’ त्यांनी चित्रित केला. महायुद्धात जर्मन नागरिक म्हणून त्यांना स्थानबद्ध व्हावे लागले, तरी पुढे ते भारतातच राहिले. मुंबईच्या जे. जे. कला शाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला यांनी स्वातंत्र्यानंतरची दिल्ली टिपली, तीही बरीचशी रोलायफ्लेक्सवर.

आमचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. माजलगावला त्या काळी रेल्वे नव्हती. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरचे सेलू, मानवत रोड किंवा परभणी गाठायचे आणि पुढे बैलगाडी. कॅमेरा इथवर यायचा तो मुंबईहून किंवा हैदराबादेहून, आणि बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडून. स्वातंत्र्यानंतर परदेशी मालाच्या आयातीवर निर्बंध आले, तसा जुन्या जर्मन कॅमेऱ्याचा भाव आणखी वाढला. सामान्य माणसाच्या हाती कॅमेरा आला तो पुढे, बडोद्याला बनणाऱ्या ‘आग्फा क्लिक थ्री’मुळे. नाव जर्मन, आराखडा जर्मन, बनावट भारतीय. १२० नंबरच्या रोलवर बारा चौकोनी फोटो निघत. माझ्या आईवडिलांचा एकत्र असलेला एकुलता एक फोटो त्यातलाच आहे.

वय कसे ठरवायचे

कॅमेऱ्यावर सहसा साल लिहिलेले नसते. ते चार-पाच खुणांवरून काढावे लागते. पहिली खूण भिंगाचा नंबर. जर्मन भिंग-कारखाने प्रत्येक भिंगावर चढता क्रमांक कोरत. क्रॉइत्स्नाखच्या श्नायडर कारखान्याचे आकडे १९४८ च्या सुमारास २० लाखांवर, १९५२ च्या सुमारास ३० लाखांवर आणि १९५४ च्या सुमारास ४० लाखांवर गेले होते. त्यामुळे एखाद्या भिंगाचे साल वर्षभराच्या फरकाने सांगता येते. अर्थात भिंग बनल्यावर काही महिने कारखान्यात पडून राहू शकते, हे धरूनच चालावे.

दुसरी खूण शटरची. म्युनिकच्या डेकेल कारखान्याचे ‘कॉम्पूर’ शटर १९१२ पासूनचे. पण ‘सिंक्रो-कॉम्पूर’ असे नाव दिसले, म्हणजे फ्लॅशची जोडणी असलेले हे शटर १९५१ नंतरचे. वेगाच्या आकड्यांवरूनही कळते. २५, ५०, १०० अशी जुनी मालिका असते, तर ३०, ६०, १२५ ही पन्नाशीच्या दशकात रुळलेली नवी.

तिसरी खूण अक्षरांची. ‘डी. आर. पी.’ म्हणजे जर्मन राइशचे पेटंट. युद्धानंतर देशाची फाळणी झाली, पश्चिम जर्मनीचे नवे संघराज्य १९४९ साली आले आणि अक्षरे ‘डी. बी. पी.’ झाली. मधल्या चार वर्षांतल्या काही वस्तूंवर ‘जर्मनी, यू. एस. झोन’ असे असते. एका देशाचा पराभव, ताबा आणि पुनर्जन्म त्याच्या कॅमेऱ्याच्या पाठीवर असा कोरलेला सापडतो.

चौथी खूण भिंगाच्या रंगाची. उजेडात तिरके धरल्यावर निळसर-जांभळी झाक दिसली, तर काचेवर परावर्तन कमी करणारा लेप आहे. झाइसमध्ये हा शोध १९३५ चा, पण बाजारात तो सरसकट आला युद्धानंतर.

दुरुस्तीचा भाग वेगळा, पण वयाशी जोडलेला. आग्फा ‘आयसोलेट’ हाती आला की त्याचे पुढचे भिंग फिरत नाही, हे मी न पाहता सांगू शकतो. कारखान्याने आट्यांत भरलेले हिरवे ग्रीस इतक्या वर्षांत लाखेसारखे घट्ट होते. ते गरम हवेने आणि लायटरच्या पेट्रोलने थेंबाथेंबाने सैल करावे लागते. जोर केला तर भिंगाची पितळी चौकट तुटते. त्याच्या भात्याला, म्हणजे हार्मोनियमच्या भात्यासारख्या घडीच्या भागाला, कोपऱ्यांवर टाचणीच्या टोकाएवढी भोके पडलेली असतात. अंधाऱ्या खोलीत आत बॅटरी लावली की चांदण्या दिसतात. कोकणातल्या कॅमेऱ्यांच्या भिंगात बुरशीचे जाळे असते. आमच्या कोरड्या हवेत ती कमी, पण धूळ इतकी की शटरच्या पात्यांवर काळ्या मातीचा थर बसतो.

एक रोलायकॉर्ड आणि एक फोटो

२०२२-२३ हे मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवाचे वर्ष होते. गावोगावी जुने फोटो, कागद, वस्तू जमवणे सुरू होते. आमच्या तालुक्यातील एका शाळेनेही छोटे प्रदर्शन ठरवले. धरणात गेलेल्या एका गावातील कुटुंबाने दोन गोष्टी दिल्या. एक रोलायकॉर्ड आणि भिंतीवरचा एक फ्रेम केलेला फोटो. फोटोत गावाच्या वेशीपुढे अकरा माणसे उभी आहेत आणि मधल्याच्या हातात काठीला लावलेला झेंडा आहे. कुटुंबातले आजोबा फोटो काढत. ‘आजोबांनी या कॅमेऱ्याने १९४८ साली, मुक्तीच्या आधी, रझाकारांच्या धाकात काढलेला फोटो’ अशी चिठ्ठी त्यावर नातवाने लिहिली होती.

तपासायला मला बोलावले. कॅमेरा पाहताच मला कळले. झेनार भिंगाचा नंबर ३३ लाखांच्या घरात, शटर सिंक्रो-कॉम्पूर, पुढच्या पट्टीवर डी. बी. पी. तीन साक्षीदार एकच सांगत होते : हा कॅमेरा १९५३ च्या सुमाराचा, म्हणजे हैदराबाद मुक्त झाल्यानंतर पाच वर्षांनी बनलेला. शिवाय फोटोतल्या झेंड्याचा वरचा पट्टा जवळजवळ काळा दिसत होता. प्रदर्शनाला आलेल्या एका शिक्षकांनी हा तिरंगाच नव्हे, असे मत दिले. मी मान डोलावली आणि वहीत लिहून दिले : ‘फोटो १९४८ चा असू शकत नाही.’ फोटो प्रदर्शनातून काढला गेला.

मला त्या दिवशी बरे वाटले, हे कबूल करतो. न शिकलेल्या संशोधकाला कुणाची तरी दंतकथा पुराव्याने खोडून काढण्यात एक सुख असते. ते सुख दोन महिने टिकले.

त्या घरातल्या काकू, म्हणजे आजोबांच्या सूनबाई, दुकानात आल्या. पंचाहत्तरीच्या आहेत. बसल्या नाहीत. म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही त्या डब्याचं वय सांगितलं. आमच्या मामंजींना खोटं कशाला पाडलं?”

मी नंबराचे कागद काढू लागलो. त्यांनी हाताने थांबवले. “ते कागद तुमच्यापाशी राहू द्या. एकदा घरी या आन् त्यांची पेटी बघा. कुणी बघितलीच नाही.”

पेटी

पत्र्याची पेटी होती. वर जुनी धोतरे, खाली हिशेबाच्या वह्या आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेली सहा काचा. त्यांतली एक तडकलेली. उजेडात धरली, तर वेशीपुढची अकरा माणसे उलट्या रंगात उभी होती. झेंडा होता. हीच मूळ निगेटिव्ह.

मी पट्टीने मोजले. ९ बाय १२ सेंटिमीटर. माझ्या पोटात गोळा आला. रोलायकॉर्ड १२० नंबरच्या रोलवर ६ बाय ६ सेंटिमीटरचा चौकोनी फोटो काढतो. ही काच त्यात शिरूच शकत नाही. म्हणजे फोटो त्या कॅमेऱ्याने काढलेलाच नव्हता. मी कॅमेऱ्याचे वय बरोबर काढले आणि ते फोटोच्या गळ्यात बांधले. दोन्ही वस्तू एका घरात एका भिंतीवर होत्या, एवढाच त्यांचा संबंध. तो तपासण्याआधी मी निकाल दिला. फ्रेममधला फोटो हा कापून मोठा केलेला होता. त्याच्या आकारावरून मूळ निगेटिव्हबद्दल काही कळत नाही, हे मला ठाऊक असायला हवे होते. मूळ निगेटिव्ह पाहिल्याशिवाय बोलायचे नाही, हा या कामातला पहिला धडा आहे आणि तो मी दुसऱ्यांना शिकवत असे.

पेटीच्या कडेला पाच काळे पत्रे होते, एका बाजूने सरकत उघडणारे. घरात ते ‘टिनाचे पत्रे’ म्हणून ओळखले जात. मुले त्यांच्या गाड्या करून खेळत, असे काकूंनी सांगितले. ती काच ठेवण्याची चपटी घरे होती, जर्मन पद्धतीची. काच त्यात अचूक बसली. काचेच्या तीन कडांना जी बारीक कोरी किनार होती, तीही त्या घरांच्या वळलेल्या ओठाशी जुळली. इंग्रजी कॅमेऱ्यांच्या काचा इंचांच्या मापात, तर ९ बाय १२ हे युरोपातले सेंटिमीटरचे माप. म्हणजे आजोबांकडे रोलायकॉर्डच्या आधी भात्याचा एक घडीचा कॅमेरा होता, बहुधा जर्मन, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकातल्या घडणीचा. तो बहुधा विकून किंवा बदलून नवा घेतला असावा. फोटोवाल्यांची ती रीतच होती.

मग झेंडा. काच मागून उजेड देऊन पाहिली, तेव्हा वरचा पट्टा काळा का, हेही उमगले. त्या काळच्या पुष्कळशा काचांवरच्या मसाल्याला निळा आणि हिरवा रंग दिसे, तांबडा दिसत नसे. अशा काचेवर कुंकू काळे उतरते आणि भगवाही काळपट उतरतो. फोटोतल्या एका माणसाच्या कपाळावरचा नामही असाच काळा होता. तेव्हा तो पट्टा केशरी असायला काहीच हरकत नव्हती. मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर चरखा आहे की अशोकचक्र, ते दिसले असते तर फार मदत झाली असती, कारण २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने चरख्याच्या जागी चक्र स्वीकारले. पण वाऱ्याने कापडाची नेमकी तिथेच घडी पडली आहे.

जागा आणि साल

ती वेस आता पाण्याखाली आहे. सिंदफणा नदीवरचे माजलगाव धरण १९८७ साली पूर्ण झाले. जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातले ते धरण. त्याच्या पाण्यावर आमचा ऊस आणि माझे दुकान उभे आहे, आणि त्याच पाण्याखाली काही गावे आहेत. २०१६ च्या दुष्काळात धरण आटले, तेव्हा मी आयसोलेट घेऊन त्या भेगाळलेल्या गाळात गेलो होतो. वेशीचा पाया आणि उजव्या बाजूचे घडीव दगड उघडे पडले होते. तेव्हा काढलेल्या फोटोतल्या एका दगडाला अडसराची चौकोनी खाच आहे. काचेवर, उजवीकडच्या माणसाच्या कोपराशी, तीच खाच दिसते. जागा पक्की झाली.

साल मात्र जागेवरून निघत नव्हते. काकूंनी फोटोतली चार माणसे ओळखली. त्यांतले एक वारकरी होते. कपाळावर नाम आहे ते हेच. त्यांची समाधी धरणाच्या वेळी नव्या गावठाणात हलवली गेली. दगड जुनाच आहे. आम्ही दोघे गेलो, पाणी टाकून घासला. शके १८७२. त्यात ७८ मिळवले की इसवी सन १९५०-५१. म्हणजे फोटो १९५१ च्या चैत्राआधीचा. जो कॅमेरा १९५३ च्या सुमारास बनला, त्याने तो काढला नाही, हे आता दोन बाजूंनी सिद्ध झाले.

उरला प्रश्न मुक्तीच्या आधीचा की नंतरचा. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत पोलीस कारवाई होऊन हैदराबाद संस्थान भारतात आले. त्याआधीच्या वर्षभरात तिरंगा घेऊन वेशीपुढे उभे राहणे म्हणजे जिवाशी खेळ होता. ७ ऑगस्ट १९४७ च्या विलीनीकरण दिनापासून अनेकांनी तो खेळला आणि किंमत मोजली. पण काचेचा कॅमेरा तिवईवर उभा करावा लागतो, डोक्यावर काळे फडके घेऊन नीट जुळवावा लागतो, काच बदलावी लागते. फोटोतली सावली भर सकाळची आहे, माणसे स्वच्छ कपड्यांत ओळीने उभी आहेत, दोन लहान मुले पुढे बसवली आहेत. मला हा भीतीच्या दिवसांतला फोटो वाटत नाही. भीती गेल्यावरचा वाटतो.

हे काकूंना सांगताना जीभ अडखळत होती. पुन्हा त्यांच्या घरातले काहीतरी खोडतोय असे वाटत होते. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, “मामंजी ह्याला ‘मुक्तीचा फोटो’च म्हणायचे. मुक्तीच्या आधीचा, असं ते कधीच म्हणले नाहीत. ते पोरांनी लिहिलं.”

म्हणजे ज्याने फोटो काढला, त्याचा शब्द शेवटपर्यंत खरा होता. नातवाने त्यात प्रेमाने एक शब्द वाढवला आणि मी माझ्या नंबरांच्या जोरावर तो सगळाच पुसायला निघालो होतो.

काय उरले

रोलायकॉर्डची दुरुस्ती मी नंतर केली. आतल्या आरशाची चांदी उडाली होती, तो बदलला. जुना आरसा कागदात गुंडाळून पेटीत ठेवला. शटर एका सेकंदाला अडकत होते, ते साफ केले. चामडे, ओरखडे, आजोबांनी कोपऱ्यावर लावलेली सुती पट्टी यांना हात लावला नाही. ती पट्टी काढली असती तर कॅमेरा देखणा झाला असता, पण तो आजोबांचा राहिला नसता. काचा पातळ पुठ्ठ्यांच्या घड्यांत उभ्या ठेवल्या, तडकलेली तेवढी आडवी. सगळ्यांची डिजिटल प्रत केली.

पुढच्या १७ सप्टेंबरला फोटो त्याच शाळेत पुन्हा लागला. शेजारी रोलायकॉर्ड नव्हता. होता तो एक काळा पत्रा. चिठ्ठी मी लिहिली आणि काकूंना आधी वाचून दाखवली : ‘मुक्तीचा फोटो. काचेच्या निगेटिव्हवरून. जागा : जुन्या गावाची वेस, आता धरणाखाली. काळ : १९५१ च्या आधीचा, बहुधा सप्टेंबर १९४८ नंतर लगेचचा.’

‘बहुधा’ या शब्दावर नातू थोडा नाराज होता. काकू म्हणाल्या, “राहू दे. जेवढं म्हाईत, तेवढं लिहिलं.”

वहीतले जुने पान मी फाडले नाही. ‘फोटो १९४८ चा असू शकत नाही’ या ओळीवर एक रेघ मारली आणि खाली तारीख घालून लिहिले : कॅमेऱ्याचे वय बरोबर, फोटोशी संबंध तपासला नव्हता. दुकानात आता कुणी कॅमेरा घेऊन आले आणि त्याने काढलेला म्हणून फोटोही पुढे केला, की मी आधी विचारतो, “निगेटिव्ह आहे का?” बहुतेकांकडे नसते. मग मी कॅमेऱ्याचे वय सांगतो आणि फोटोबद्दल बोलत नाही.